काकांचा सहा इंची आरसा

दुर्बिणीच्या या आरशाच्या पाठीवर डायमंड पेन्सिलने कोरलेली अक्षरं अजून स्पष्ट वाचता येतात : ‘६ इंच, एफ ८, मार्च १९८५’. एफ ८ म्हणजे फोकल लेंथ, आरशापासून ताऱ्याची प्रतिमा पडते ते अंतर, व्यासाच्या आठपट. हॅलेचा धूमकेतू ९ फेब्रुवारी १९८६ला सूर्याच्या सर्वांत जवळून जाणार होता आणि त्याची तयारी म्हणून आदल्या वर्षी अनेक हौशी मंडळी दुर्बिणीचा आरसा करायला घरात काच घासायला बसली होती. त्यातलेच एक हे काका. तेव्हा ते खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला होते. पुण्यात आकाशदर्शनाची परंपरा जुनी, ज्योतिर्विद्या परिसंस्था तिथे १९४४पासून आहे, त्यामुळे शिकवणारं कोणी ना कोणी भेटायचं. पुढे बदली होऊन काका नागपूरला अंबाझरीच्या आयुध निर्माणीत आले, प्रतापनगरला घर बांधलं आणि दुर्बीण गच्चीवरच्या खोलीत गेली. काका गेल्यानंतर ती तिथेच होती. २०२४च्या दिवाळीनंतर काकूंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, “घेऊन जा ना बाप्पा. इथं नुसती पडून राहिली आहे. भंगारवाल्याला द्यायला माझा हात होत नाही.”

मी धंद्याने छपाईवाला. नागपुरात महाल भागात छोटी ऑफसेट प्रेस आहे. आकाशाचा नाद शाळेपासून, पण दुर्बीण स्वतः उघडून तिच्या आत हात घालायची ही पहिलीच वेळ. हे सविस्तर लिहितोय कारण नागपुरात, विदर्भात अशा कितीतरी दुर्बिणी माळ्यावर पडून असणार. त्या काळात बनलेल्या, बहुतेक सहा इंची, बहुतेक एफ/८. लोक त्यांच्याकडे बघतात, गंजलेली नळी आणि काळा पडलेला आरसा दिसतो आणि टाकून देतात. माझं म्हणणं असं आहे, आणि ते आता मी ठामपणे सांगू शकतो, की घरी घासलेल्या जुन्या दुर्बिणीत सगळ्यात चांगला भाग बहुधा आरशाची काचच असते. बिघडतं ते तिच्या भोवतालचं सगळं.

मिळाली तेव्हाची अवस्था सांगतो. नळी जस्ती पत्र्याची, रिव्हेट मारलेली, आतला व्यास २०० मिलिमीटर. बाहेरून पोपडे निघालेले, आतला काळा रंग पापुद्र्यांनी आरशावर पडलेला. फोकसर, म्हणजे आयपीस पुढेमागे सरकवून चित्र स्पष्ट करायचा भाग, पितळी, काकांनी लेथवर करून घेतलेला, पण ग्रीस इतकं घट्ट झालेलं की चाक फिरेना. दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं, रॅम्सडेन जातीचे, जुन्या साडेचोवीस मिलिमीटर मापाचे, लेन्सवर बुरशीचे धागे. आणि माउंट, म्हणजे दुर्बिणीची बैठक, नळकामाच्या पाइपांची आणि टी-सांध्यांची, इक्वेटोरियल पद्धतीची : तिचा एक अक्ष, ध्रुवाक्ष, ध्रुवताऱ्याकडे रोखलेला असतो. त्याच्या ध्रुवाक्षाखाली सागवानी पाचर होती, काकांनी नंतर लावलेली. का लावली ते मला कोनमापक ठेवल्यावर कळलं. माउंट पुण्यासाठी केलेलं, म्हणजे अक्ष साडेअठरा अंशांवर पक्का. नागपूरचं अक्षांश २१.१५. ध्रुवतारा इथे अडीच अंशांहून थोडा जास्त वर दिसतो आणि तेवढ्याच कोनाची ती पाचर होती, अगदी बेतशीर रंधलेली. ती हातात घेतली आणि हा माणूस कसा काम करत असेल ते मला दिसलं.

अशी दुर्बीण हाती आली की हात शिवशिवतात, आधी पुसूनपासून घ्यावंसं वाटतं. मी ठरवलं की आधी आहे तशी आकाशाकडे लावायची आणि दोष कुठे कुठे आहेत ते ताऱ्याकडूनच काढून घ्यायचे. आरशावर फक्त फुंकरणीने हवा मारली, पापुद्रे काढले आणि डिसेंबरमध्ये ब्रह्महृदय धरला. फोकसमध्ये आणल्यावर तारा चक्क त्रिकोणी दिसला. हे पुस्तकात वाचलेलं होतं : आरसा धरणाऱ्या तीन क्लिपा काचेला आवळत असतील तर असं होतं. काकांनी क्लिपांखाली नमदा लावला होता, तो इतक्या वर्षांत दगड झाला होता. स्क्रू सैल करून क्लिप आणि काच यांच्यात साध्या कागदाचा एक पदर सरकेल एवढी फट ठेवली. त्रिकोण गेला.

पण तारा अजून गोल नव्हता. फोकसच्या आत नेला की उभा लंबगोल, बाहेर काढला की आडवा. हा ॲस्टिग्मॅटिझम. आता प्रश्न असा की तो कुठला? मुख्य आरशाचा, प्रकाश नळीच्या बाजूला आयपीसकडे वळवणाऱ्या छोट्या दुय्यम आरशाचा, आयपीसचा, की माझ्याच डोळ्याचा? हे शोधायची पद्धत मला फार आवडते कारण तिला एकही महागडं उपकरण लागत नाही. आधी मान तिरकी केली : लंबगोलाची दिशा बदलली नाही, म्हणजे डोळा सुटला. आयपीस जागेवर फिरवला : दिशा तीच. मग मुख्य आरसा त्याच्या बैठकीत पाव फेरा फिरवून बसवला, पुन्हा जुळवणी केली. दिशा तीच राहिली. दोष मुख्य आरशात असता तर लंबगोल आरशाबरोबर फिरला असता. उरला दुय्यम आरसा. तो बाहेर काढून पाहिला तर साधी पातळ आरशाची काच, हाताने कापलेली, आणि आकाराने ५० मिलिमीटर. काकांना तेव्हा सपाट दुय्यम आरसा मिळाला नसणार, जे मिळालं त्यात भागवलं. दीडशे मिलिमीटरच्या आरशापुढे ५० मिलिमीटरचा अडथळा म्हणजे व्यासाचा तिसरा हिस्सा झाकला. त्याने ग्रहांवरचे बारीक तपशील फिके पडतात. तो बदलायचा हे तिथेच ठरलं.

आता मुख्य आरसा. इथे सगळ्यात जास्त रात्री गेल्या आणि मला सगळ्यात जास्त आनंदही इथेच मिळाला.

एका ओळखीच्या जाणकारांनी सुचवलं होतं की इतका जुना आरसा आहे, एकदा पुन्हा पॉलिश करून आकार ‘पक्का’ करून टाक. मला ते पटत नव्हतं, पण नुसत्या वाटण्याला अर्थ नाही, मोजलं पाहिजे. लेऑन फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५८च्या सुमारास जी चाचणी शोधली ती आजही घरात करता येते. आरसा उभा ठेवायचा, त्याच्या वक्रतेच्या केंद्रापाशी, म्हणजे फोकल लेंथच्या दुप्पट अंतरावर, एक बारीक फटीतून येणारा दिवा आणि शेजारी दाढीचं ब्लेड. आरशावरून परत येणारा प्रकाश ब्लेडने हळूहळू कापायचा आणि ब्लेडच्या मागून डोळ्याने आरशाकडे बघायचं. आरसा गोलाचा तुकडा असेल तर सगळा एकदम राखाडी होतो. पॅराबोला, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश नेमका एका बिंदूत आणणारा आकार, असेल तर त्यावर मेदूवड्यासारखी सावली उठते. काचेवरचा मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा उंचसखलपणासुद्धा त्यात दिसतो.

माझ्याकडे घरात लांब बोळ आहे. आरशाचं अंतर २४४० मिलिमीटर आलं, म्हणजे फोकल लेंथ १२२०, कोरलेल्या ‘एफ ८’ला अगदी जुळणारी. दिवा म्हणून एलईडी, ब्लेड सरकवायला लेथच्या जुन्या क्रॉस-स्लाइडचा तुकडा, वर डायल गेज. दिवा आणि ब्लेड एकत्र सरकतील अशी मांडणी केली. घरातली सगळी निजली की पंखे बंद, दारं बंद, कारण बोळातली हवा हलली की सावली वाहायला लागते.

पहिल्यांदा सावली नीट बसली तेव्हा मी एक गोष्ट मुद्दाम करून पाहिली. पुढे गेलो, आरशाच्या तोंडावर अंगठा दाबला, मनात दहा मोजले आणि परत येऊन ब्लेडच्या मागे डोळा लावला. अंगठा होता तिथे काचेवर एक टेकडी उठलेली. अंगठ्याच्या उबेने काच तेवढीच फुगली होती. टेकडीच्या एका अंगाला उजेड, दुसऱ्या अंगाला अंधार, कडा स्पष्ट. बघता बघता ती खाली बसत गेली, कडा विरल्या आणि काही मिनिटांनी आरसा पुन्हा गुळगुळीत. ही काच पायरेक्स नाही, साधी जाड प्लेट ग्लास आहे, कडेने बघितली की हिरवट दिसते. साध्या काचेचं उष्णतेने प्रसरण पायरेक्सच्या तिपटीच्या जवळपास असतं. हे आकडे मला माहीत होते, पण टेकडी उठताना आणि बसताना पाहिल्यावर पुढे दुर्बीण कुठे ठेवायची, किती आधी बाहेर काढायची, या सगळ्याचा विचारच बदलला.

मग मोजमाप. पुठ्ठ्याचा मुखवटा कापून मध्य आणि कड वेगवेगळे पाहायचे आणि दोन्हींसाठी ब्लेडची जागा नोंदवायची. या मापाच्या खऱ्या पॅराबोलासाठी, माझ्या मांडणीत, मध्य आणि कड यांच्यातला फरक साधारण १.१५ मिलिमीटर यायला हवा. गोलासाठी शून्य. माझे आकडे ०.८च्या आसपास येत राहिले. म्हणजे काकांनी पॅराबोलाकडे सत्तर टक्के वाट चालून हात थांबवला होता.

सत्तर टक्के ऐकायला कमी वाटतं, म्हणून हिशेब मांडतो. सहा इंची एफ/८ आरसा अगदी शुद्ध गोल ठेवला, पॅराबोला केलाच नाही, तरी त्याची चूक प्रकाशाच्या लहरीच्या चौथ्या भागाएवढीच निघते. चांगल्या दुर्बिणीसाठी रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने घालून दिलेली मर्यादा साधारण तीच. म्हणूनच नवख्यांनी पहिला आरसा सहा इंची एफ/८ करावा असं सांगायचे. आता त्या चुकीतला सत्तर टक्के भाग काकांनी काढला आहे, उरला तीस टक्के. म्हणजे लहरीचा बारावा-तेरावा भाग. नागपूरच्या हवेत तो फरक डोळ्याला कधीही दिसणार नाही. वर कड साफ, कुठे खळगा नाही, वलयं नाहीत. छपाईचे ठिपके तपासायचं माझं भिंग, लूप, लावून सगळी काच पाहिली : मध्याजवळ एक बारीक चरा, बाकी पॉलिश निर्मळ. असा आरसा पुन्हा पॉलिशच्या डांबरावर घासायला घेणं म्हणजे हातचं चांगलं घालवायची तयारी. मी काचेला हात लावायचा नाही असं ठरवलं. फक्त लेप नवा.

लेप मात्र खरंच गेलेला होता. आरसा ट्यूबलाइटसमोर धरला की पाठीमागून शेकडो ठिपके चमकायचे आणि कडेला तर नळीचा आकारच आरपार दिसायचा. जुना ॲल्युमिनियम काढायला मी फेरिक क्लोराइड वापरलं, इलेक्ट्रॉनिक्सवाले सर्किट बोर्ड कोरायला वापरतात तेच, सीताबर्डीत सहज मिळतं. पातळ करून, हातमोजे घालून, प्लास्टिकच्या घमेल्यात, खिडकी उघडी ठेवून. काही जण कॉस्टिक सोडा वापरतात, तो स्वस्त आहे, पण तो काचेलाही थोडा खातो म्हणून मी टाळला. बघता बघता चंदेरी थर तपकिरी पाण्यात गेला आणि खाली स्वच्छ हिरवट काच उरली. मग भरपूर नळाचं पाणी, साबणाचे दोन थेंब, कापूस स्वतःच्या वजनानेच फिरवायचा, बोटाने दाब द्यायचा नाही, आणि शेवटी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर.

नवा लेप पुण्याला करून घेतला. कुरिअरने पाठवायला धीर झाला नाही. आरसा दोन थरांच्या फोममध्ये, लाकडी खोक्यात घालून महाराष्ट्र एक्स्प्रेसने स्वतः घेऊन गेलो. लेप कसा देतात ते बाहेरून पाहायला मिळालं. पात्रातली हवा काढून टाकतात, टंगस्टनच्या तारेवर अडकवलेले ॲल्युमिनियमचे तुकडे तापून त्यांची वाफ होते आणि ती सरळ रेषेत जाऊन काचेवर बसते. वर सिलिकॉन ऑक्साइडचा पातळ संरक्षक थर. ॲल्युमिनियमच्या थराची जाडी सुमारे १०० नॅनोमीटर. मी परतीच्या गाडीत हिशेब केला : माझ्या संपूर्ण आरशावर जो धातू बसला त्याचं वजन पाच मिलिग्रॅम भरेल. चांदण्यांचा प्रकाश वळवायचं सगळं काम ते पाच मिलिग्रॅम करतात. बाकी किलोभर काच फक्त त्यांना आकारात धरून ठेवते. १९३०च्या दशकात ही पद्धत रुळण्याआधी आरशांवर चांदी चढवायचे आणि ती काही महिन्यांत काळवंडायची.

तिथूनच ३५ मिलिमीटरचा, लंबगोल कापाचा, सपाटपणा तपासलेला दुय्यम आरसा घेतला. अडथळा तिसऱ्या हिश्श्यावरून चौथ्या हिश्श्याच्याही खाली आला. त्याला धरणारे जुने जाड पट्टीचे तीन हात काढून टाकले आणि हॅक्सॉच्या पात्यांचे चार हात लावले, दात घासून काढून. पातं कडेने जवळजवळ दिसतच नाही आणि ताणलं की हलत नाही.

नळीचं काम फार नाही पण घाणेरडं. गंज पॉलिश पेपरने काढला, बाहेरून प्रायमर आणि पांढरा रंग. आतून फळ्याला लावतात तो काळा मॅट रंग, त्यात चाळलेला लाकडाचा भुसा मिसळून. नुसता काळा रंग तिरक्या उजेडात चमकतो, भुश्याने पृष्ठभाग खरखरीत होतो आणि रस्त्यावरच्या दिव्याचा प्रकाश तिथेच मरतो. शहरातून बघणाऱ्याला हा बदल फार उपयोगी आहे आणि खर्च नगण्य. पत्र्याची नळी टाकून नवी पीव्हीसीची करावी असं अनेकांनी सांगितलं. ती हलकी झाली असती हे खरं. पण ती काकांनी रिव्हेट मारलेली आहे, धड आहे, म्हणून ठेवली.

फोकसर रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवला तेव्हा ग्रीस सुटलं. खालचं काम सुरेख निघालं. रॅक आणि पिनिअनचे दात अजून धारदार. फक्त सरकणारी नळी जुन्या मापाच्या आयपीससाठी होती आणि आज बाजारात मिळतं ते सव्वा इंची. हिंगणा रोडच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याकडून आत ३१.७५ मिलिमीटर भोक असलेली नवी पितळी नळी करून घेतली, जुना रॅक त्यावर झाळून बसवला. आत ढिलाई राहू नये म्हणून टेफ्लॉनच्या पातळ पट्ट्या. लेथवाला विचारत होता हे कशाचं काम आहे. सांगितल्यावर त्याने मजुरी घेताना म्हटलं, “चंद्र दाखवा एकदा पोराले.” दाखवला, पुढे येईलच.

माउंटबद्दल माझं मन बराच काळ दोन्हीकडे होतं. पाइपांचं ते इक्वेटोरियल काकांच्या हातचं होतं. पण सांध्यांच्या आट्यांवरच सगळं फिरणार, त्यामुळे फोकसरला बोट लावलं की चित्र पाच-सहा सेकंद थरथरायचं. १२० पटीवर तर बघणंच अशक्य. शेवटी डॉब्सनी पद्धतीची पेटी करायची असं ठरवलं. जॉन डॉब्सन हा माणूस आपल्याकडे जास्त माहीत असायला हवा. १९४४ ते १९६७ अशी तेवीस वर्षं तो सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात संन्यासी होता, रामकृष्ण परंपरेतला. आपल्या धंतोलीतल्या मठाची जी परंपरा तीच. जहाजाच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचा घासून तो आरसे करायचा आणि प्लायवूडच्या पेटीत दुर्बीण ठेवून रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवायचा. आज जगभर हौशी लोकांच्या मोठ्या दुर्बिणी ज्या पेटीवर फिरतात तिला त्याचंच नाव आहे.

तत्त्व सोपं : पेटी टेफ्लॉनच्या तुकड्यांवर फिरते आणि टेफ्लॉन सनमायकावर. सोडल्यावर जिथे आहे तिथेच थांबली पाहिजे, आणि बोटाने ढकलल्यावर झटका न देता निघाली पाहिजे. यातलं गमक सनमायकात आहे. गुळगुळीत, चकचकीत सनमायका टेफ्लॉनला चिकटते, बारीक दाणेदार पोताची लागते. आणि टेफ्लॉनवर भार दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो पडावा. माझी नळी आणि पेटी मिळून पंचवीस किलोंच्या आसपास, म्हणून खाली तीन सेंटिमीटर बाजूचे तीन चौकोनी तुकडे. नळी वर-खाली फिरते त्या दोन बाजूंच्या कानांसाठी सहा इंची पीव्हीसी पाइपची झाकणं.

प्लायवूड लकडगंजमधून, १८ मिलिमीटरचं. तिथल्याच एका मिस्त्रींना कागदावर नकाशा काढून दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “म्हंजे फिरलं पायजे पन हाललं नाई पायजे, असंच ना भाऊ?” इतक्या नेमक्या शब्दांत मलाही सांगता आलं नसतं. त्यांनी कोपऱ्यांत आतून त्रिकोणी आधार स्वतःहून दिले, जे माझ्या नकाशात नव्हते, आणि पेटीचा ताठपणा त्यांच्यामुळेच आला. जड आयपीस लावला की तोंड खाली झुकतं, त्यावर उपाय पत्र्याच्या नळीनेच दिला : जुन्या स्पीकरचा लोहचुंबक नळीच्या मागच्या बाजूला चिकटवायचा आणि हवा तसा सरकवायचा. पीव्हीसीची नळी केली असती तर ही सोय मिळाली नसती.

जुळवणी, म्हणजे दोन्ही आरसे आणि आयपीस एका रेषेत आणायचं कोलिमेशन, साध्या साधनांनी केली. ट्रेसिंग पेपर आरशाच्या मापाने कापून दोनदा दुमडला, मध्य मिळाला, तिथे फाइलच्या भोकांना लावतात ती कागदी कडी चिकटवली. मध्याचा भाग दुय्यम आरशाच्या सावलीत असल्याने प्रकाशाचं काही नुकसान नाही. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची काळी डबी सव्वा इंची फोकसरमध्ये छान बसते. तिच्या बुडाला बारीक भोक पाडलं, तेच जुळवणीचं यंत्र.

पावसाळा संपल्यावर, २०२५च्या ऑक्टोबरमध्ये, पहिल्यांदा नीट बघितलं. तारा गोल. आत-बाहेर दोन्हीकडे वलयं गोल. लेथवाल्याच्या मुलाने चंद्राच्या कडेवरच्या सावल्या पाहिल्या आणि आयपीस सोडायला तयार होईना. काकूंना शनी बघायचा होता, कारण काका त्यांना पूर्वी दाखवायचे. मी आधीच सांगितलं होतं की यंदा कडं दिसतं तसं दिसणार नाही : २३ मार्च २०२५ला पृथ्वी कड्याच्या पातळीतून गेली आणि वर्षअखेरपर्यंत कडं आपल्याला जवळजवळ कडेनेच दिसत होतं. काकूंनी बघितलं, बारीक सरळ रेष आणि बाजूला टायटन, शनीचा सर्वांत मोठा चंद्र. म्हणाल्या, “हे असं तर मी पहिल्यांदाच पाहून राहिली.” असा योग साधारण पंधरा वर्षांनी येतो, त्यामुळे मला ते कडं उघडं दिसण्यापेक्षाही मोलाचं वाटलं.

गुरूने खरी परीक्षा घेतली. १० जानेवारी २०२६ला तो प्रतियुतीत, म्हणजे आपल्याकडून सूर्याच्या बरोबर उलट दिशेला होता, मिथुन राशीत, नागपुरातून मध्यरात्री जवळपास डोक्यावर. सहा मिलिमीटरच्या आयपीसने दोनशे पट. दोन मुख्य पट्टे तर जुन्या अवस्थेतही दिसायचे, आता पट्ट्यांच्या कडांवरच्या गाठी, मधल्या फिक्या रेषा दिसल्या. एका चंद्राची सावली तबकडीवरून जाताना पाहिली. प्रतियुतीच्या दिवसांत चंद्र आणि त्याची सावली एकमेकांना जवळजवळ चिकटून जातात, त्यामुळे शाईचा तो ठिपका ओळखायला थोडं थांबावं लागलं.

नागपूरकरांसाठी एक खास गोष्ट. इथे हवेपेक्षा गच्ची जास्त त्रास देते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत गरम हवा सोडत राहतो आणि दोनशे पटीवर तारा उकळत असल्याचं दिसतं. उन्हाळ्यात तर विचारूच नका. दुर्बीण खाली अंगणात, मातीवर किंवा गवतावर ठेवली की चित्र लगेच सुधारतं. आणि माझी काच पंचवीस मिलिमीटर जाड, साधी, त्यामुळे बघायच्या दीड तास आधी बाहेर काढायची. अंगठ्याची ती टेकडी ज्याने पाहिली आहे त्याला हे दोनदा सांगावं लागत नाही.

जानेवारीच्या अमावस्येच्या सुमारास जबलपूर रोडने सिल्लारीकडे गेलो. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, आजूबाजूच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे झाकून खाली वळवले गेले. शहरापासून गाडीने दोन तासांच्या आत असं आकाश आहे, ही नागपूरकरांची मोठी मिळकत आहे असं मी मानतो. मृगातला तेजोमेघ तिथे २५ मिलिमीटरच्या आयपीसमध्ये कडेपासून कडेपर्यंत पसरला होता. त्याच्या मध्याशी चार ताऱ्यांचा ट्रॅपेझियम आहे. पाचवा ‘ई’ आणि सहावा ‘एफ’ हे अकराव्या प्रतीच्या आसपासचे तारे सहा इंचांची कसोटी पाहतात. ई स्वच्छ वेगळा दिसला. एफ दोन-तीनदा डोकावल्यासारखा वाटला, पण वाटला म्हणजे दिसला असं मी वहीत लिहीत नाही.

त्यासाठी आता आरशाच्या मागे संगणकातला १२ व्होल्टचा पंखा बसवतोय, यूपीएसच्या जुन्या बॅटरीवर चालणारा, म्हणजे काच लवकर थंड होईल. काकांचं पाइपांचं माउंट मी मोडलेलं नाही. आमच्या ओळखीच्या एका शाळेला छोटी दुर्बीण मिळाली आहे, तिचं वजन या सांध्यांना सहज पेलेल. फक्त सागवानी पाचर एका कडेने चिरली आहे. लकडगंजच्या मिस्त्रींकडे नमुना म्हणून दिली आहे, त्याच कोनाची नवी करून द्यायची म्हणून.